हसण्याचं स्वरूप, व्याप्ती आणि संख्या

सभेच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ सव्वाचार मिनिटं पुढे होतं. जिन्यातलं दोन मिनिटं मागे होतं. साहेबांच्या खोलीतलं दुपारपर्यंत बरोबर चाले आणि जेवणानंतर, बहुधा साहेबांच्या सहवासानं, मंदावत जाई. भांडारातलं तर गेल्या वर्षापासून दहा वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं होतं आणि भांडारपाल त्यावर समाधानी होते. इमारतीत एकूण नऊ घड्याळं होती आणि ती नऊ वेगवेगळ्या वेळा दाखवत. साध्या कार्यालयात हे खपून गेलं असतं. पण हे कार्यालय लोकांची मोजमापाची उपकरणं तपासून त्यांवर बरोबर असल्याचा शिक्का मारून देणारं होतं.

तिथेही ते खपून गेलंच होतं. खुपत होतं फक्त पाराबाईंना.

पाराबाई तापमान विभागात होत्या. दवाखान्यांतून, दूध डेअऱ्यांतून, कारखान्यांतून आलेले तापमापक पाण्याच्या हौदात उभे करायचे, खात्रीच्या तापमापकाशी ताडून पाहायचे, फरक लिहायचा आणि सही करायची, हे काम त्या एकवीस वर्षं करत होत्या. 'पाराबाई' हे नाव कुणी आणि कधी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. ते प्रेमानं ठेवलं होतं की कसं, याचा शोध त्यांनी घेतला नव्हता. काही गोष्टी मोजायला घेऊ नयेत असं त्यांना तेव्हा वाटे.

विभागाचे प्रमुख महिनाअखेर निवृत्त होणार होते. ती जागा पाराबाईंनी घ्यावी असं साहेब दोन महिने म्हणत होते आणि पाराबाई दोन महिने "सांगते" म्हणत होत्या. त्यांनी नाही म्हटलं असतं तर सेवाज्येष्ठतेनं जागा भांडारपालांकडे गेली असती. भांडारपाल माणूस वाईट नव्हता. पण "अर्धा-एक अंश इकडेतिकडे झाला म्हणून काय बिघडलं, ताप तो तापच" असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी लहान मुलांच्या दवाखान्यातून तापमापक घेऊन आलेल्या परिचारिकेलाही ऐकवलं होतं. पाराबाईंना हे सगळं कळत होतं. अडचण एकच होती. विभागप्रमुखाला दर सोमवारी सगळ्यांसमोर उभं राहून बोलावं लागतं, आणि आपल्याला कुणी हसेल ही कल्पनाच पाराबाईंना सहन होत नसे.

कोणतीही मोठी गोष्ट करण्याआधी लहान प्रमाणावर चाचणी घ्यावी, हे त्यांचं शिक्षण. म्हणून त्यांनी ठरवलं की एका सोमवारी उभं राहून एकदा बोलून पाहायचं, आणि निष्कर्ष बघून साहेबांना उत्तर द्यायचं. विषय निवडला घड्याळांचा. सहा पानी प्रस्ताव तयार केला. रोज सकाळी नऊही घड्याळं मिळवायची, मिळवणाऱ्यानं वहीत सही करायची, आणि मिळवणाराच उशिरा आला तर काय करायचं ते परिशिष्टात पाहायचं.

पहिली चार पानं सगळ्यांनी शांतपणे, म्हणजे डोळे मिटून, ऐकली. पाचव्या पानावर पाराबाईंनी वाचलं, "उशीर झाला हे कोणत्या घड्याळावरून ठरवायचं, हा प्रश्न आपण या कार्यालयाच्या स्थापनेपासून टाळत आलो आहोत."

भांडारपालांच्या नाकातून एक आवाज निघाला. मग त्यांच्या शेजारून निघाला. मग सगळी खोली हसायला लागली. पाराबाई कागद धरून उभ्या होत्या आणि नजर कुठे ठेवावी ते न कळून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या, त्यामुळे हसणं चाळीस सेकंद चाललं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. मग त्या खाली बसल्या. सहावं पान राहिलं ते राहिलंच.

प्रकरण इथेच मिटायचं. पण सभेचा वृत्तांत इंग्रजीत लिहायची कार्यालयाची जुनी पद्धत होती. इंग्रजी कागद वरच्या कार्यालयात कुणी वाचत नाही, हा त्यामागचा अनुभव. वृत्तांत लिहिणाऱ्या टंकलेखिकेला 'सगळे हसले' हे सरकारी कागदावर फारच उघडंवाघडं वाटलं. तिनं शब्दकोश काढला, हसण्यासाठी जरा वजनदार शब्द शोधला, जो खरं तर कुणाला हिणवून हसण्याचा होता, आणि लिहिलं की प्रस्तावाचं स्वागत 'डेरिजन'नं झालं.

वरच्या कार्यालयात नवे अधिकारी आले होते. ते वाचत.

दहाव्या दिवशी पत्र आलं. 'आपल्या कार्यालयात डेरिजन झाल्याचे निदर्शनास आले आहे. सदर शब्दाचा आपल्या भाषेतील अर्थ तीन ठिकाणी पाहिला असता तीन वेगवेगळे अर्थ आढळले. तरी सदर प्रकाराचे स्वरूप, व्याप्ती आणि त्यात सहभागी कर्मचाऱ्यांची संख्या दहा दिवसांत निश्चित करून कळवावी.'

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि पाराबाईंना बोलावलं.

"बाई, हे मोजमापाचं काम आहे. तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही."

"साहेब, पण हसले ते मलाच."

"म्हणून तर. तुम्ही सगळ्यात जवळ होता."

या युक्तिवादात काय चूक आहे ते पाराबाईंना जिना उतरेपर्यंत सापडलं नाही. आणि जिना उतरताना वरून साहेबांचा आवाज आला, "आणि त्या दुसऱ्या गोष्टीचं काय ठरलं?"

"सांगते," पाराबाई म्हणाल्या.

घरी सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. नवरा वर्तमानपत्र वाचत होता. पाराबाईंनी हकिगत सांगितली. वर्तमानपत्र थरथरायला लागलं.

"तुम्ही हसताय," पाराबाई म्हणाल्या.

"छे गं. वाऱ्यानं हललं."

"यात काय मोजायचंय?" सासूबाई म्हणाल्या. "थट्टा आपल्या माणसाची करतात. दिराची, मेव्हण्याची. चेष्टा म्हणजे थट्टाच, पण समोरचा रडकुंडीला आला तरी थांबायचं नाही. टिंगल करायला दोघं तरी लागतात, एकट्याला ती जमत नाही. टवाळी करणाऱ्याला दुसरा उद्योग नसतो. खिल्ली पाठीमागं उडवतात. हेटाळणी करायची तर आधी आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटावं लागतं. आणि कुचेष्टेला मनात काळं लागतं."

पाराबाईंनी पेन्सिल काढली. एकवीस वर्षांत इतकं स्पष्ट वर्गीकरण त्यांना कार्यालयात कुणी दिलं नव्हतं.

"आणि उपहास?"

"तो पुस्तकात असतो. घरात कुणी उपहास केलेला मी पाहिला नाही. तुझ्या सासऱ्यांनाही जमला नसता."

शेजारच्या गॅलरीत निवृत्त मास्तर झाडांना पाणी घालत होते. दोन गॅलऱ्यांमध्ये एक जाळी होती, पण मास्तरांचे कान जाळी मानत नसत. "वहिनी, घोटाळा करू नका!" ते ओरडले. "उपहास हाच मुख्य शब्द. बाकीचे सगळे त्याचे नोकरचाकर. इंग्रजी शब्दाला भारदस्त प्रतिशब्दच हवा. उपहास सर्वांत वर ठेवा."

"मास्तर," सासूबाई घडी न मोडता म्हणाल्या, "पोरं तुम्हाला वर्गाबाहेर जे म्हणायची, ते उपहासात मोडतं की टवाळीत?"

मास्तरांनी झारी दुसऱ्या कुंडीकडे वळवली.

"तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे," मास्तर म्हणाले.

शेवटी पट्टी तयार झाली. शून्याला नुसतं स्मित, एकला गंमत, मग थट्टा, चेष्टा, टिंगल, टवाळी, खिल्ली, उपहास, हेटाळणी, आणि नऊला कुचेष्टा. उपहास सातवर गेल्यामुळे मास्तर दोन दिवस पाराबाईंशी बोलले नाहीत. नवऱ्यानं पट्टी निरखून पाहिली.

"मी मघाशी हसलो तो कितवा?"

"दुसरा. थट्टा."

"दोनच?" त्याच्या आवाजात खरंच वाईट वाटल्याचं जाणवलं. "अगं, मी बराच हसलो होतो."

दुसऱ्या दिवशी कागदांसाठी पाराबाई भांडारात गेल्या. भांडारपालांनी मागणीपत्र पुढे सरकवलं. त्यावर 'प्रयोजन' असा रकाना होता.

"कशासाठी हवेत, बाई?"

"तुम्ही सगळे मला हसलात, त्याच्या तपशिलासाठी."

भांडारपालांनी रकान्याची लांबी बघितली. "बसणार नाही. 'किरकोळ' लिहा."

पाराबाईंनी 'किरकोळ' लिहिलं. लिहिताना त्यांना काहीतरी टोचलं, पण कागद मिळाले.

आता, जी चूक झाली ती पाराबाईंनीच करावी अशी होती. दुसऱ्या कुणीही सभेत हसलेल्या चौदा जणांना विचारलं असतं, "काय हो, जरा गमतीनं हसला होता ना?" आणि चौदा वेळा 'हो' ऐकून अहवाल पाठवला असता. पण स्मरणशक्ती हे विश्वासार्ह उपकरण नव्हे. कोणतंही निरीक्षण एकदाच घेऊन भागत नाही, तेच पुन्हा तसंच येतं का ते तीनदा पाहावं लागतं. तेव्हा पाराबाईंनी ठरवलं की प्रत्येकाला एकेकटं बसवायचं, ते पाचव्या पानावरचं वाक्य पुन्हा वाचून दाखवायचं, आणि त्याला तीन वेळा हसायला सांगायचं. मग त्यानं पट्टीवर खूण करायची आणि सही करायची. निरीक्षकाच्या मनःस्थितीचा निकालावर परिणाम होऊ शकतो, म्हणून शेवटचा रकाना त्यांनी स्वतःच्या नाडीच्या ठोक्यांसाठी ठेवला.

पहिली टंकलेखिका आली. पाराबाईंनी वाक्य वाचलं. टंकलेखिकेला हसू येईना, रडू आलं.

"बाई, मला वाटलं चांगला शब्द आहे. कोशात फार सुंदर छापला होता हो."

"तुम्ही हसला होता का?"

"थोडी. दोनाएवढी."

'थट्टा, २. तीनही वेळा रडणे,' पाराबाईंनी लिहिलं. स्वतःची नाडी मोजली. एकशे आठ.

साहेब म्हणाले, मी हसलो नव्हतो, मला खोकला आला होता. मग वाक्य ऐकून ते तीन वेळा खोकले. तीनही खोकले एकमेकांशी इतके मिळतेजुळते होते की पाराबाईंना ते उत्तम निरीक्षण वाटलं. 'खोकला (स्वतःच्या सांगण्यावरून),' त्यांनी नोंदवलं आणि सरासरीतून वगळलं.

चौथ्या माणसापर्यंत गोष्ट इमारतभर झाली होती. हसण्याची चौकशी चालू आहे आणि सह्या घेतल्या जात आहेत, एवढंच बहुतेकांपर्यंत पोचलं. कार्यालयात हसणं बंद झालं. चहाच्या वेळी लोक भिंतीकडे तोंड करून चहा प्यायला लागले. वजन विभागात कुणाला तरी शिंक आली तर त्यानं उठून सगळ्यांची माफी मागितली. दूध डेअरीचा माणूस तापमापक घ्यायला आला होता, त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

तीन दिवसांनी वरच्या कार्यालयाचं दुसरं पत्र आलं. आपल्या कार्यालयातील वातावरण गंभीर झाल्याचे अभ्यागतांकडून समजते, तरी ते पूर्ववत करून तसे कळवावे. साहेबांनी ते पाराबाईंकडे पाठवताना कोपऱ्यात लिहिलं, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी.' वातावरण पूर्ववत करायचं म्हणजे लोकांना पुन्हा आपल्याला हसायला लावायचं, हे लक्षात यायला पाराबाईंना फार वेळ लागला नाही. त्यांनी पत्र फायलीत लावलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

वाक्य वाचायचं, थांबायचं, तीन हसू मोजायची, सही घ्यायची, नाडी मोजायची. वजन विभागातल्या एकानं पट्टीवर टिंगल आणि टवाळी यांच्या बरोबर मध्ये खूण केली आणि साडेचार लिहा म्हणून हटून बसला. दुसऱ्यानं टवाळी स्वीकारली, पण निवृत्तिवेतनावर परिणाम होणार नाही असं लिहून मागितलं. तिसऱ्याला पहिल्या खेपेला हसू आलं नाही, दुसऱ्या खेपेला आलं आणि तिसऱ्या खेपेला थांबेना, त्याला पाणी द्यावं लागलं. तोवर पाराबाई त्याच्या पाठीवर हात फिरवत होत्या, आणि दुसऱ्या हातानं नाडी मोजता येत नसल्यामुळे तो रकाना रिकामा राहिला.

नववा झाल्यावर आवक-जावक कारकून स्वतःहून दारात उभा राहिला.

"यादीत माझं नाव का नाही?"

"तुम्ही त्या दिवशी रजेवर होता."

"मग काय झालं? असतो तर हसलोच असतो ना! एवढे सगळे हसले आणि मला कुणी विचारतसुद्धा नाही. वीस वर्षं आहे मी इथे."

पाराबाईंनी त्याच्यासाठी वेगळं परिशिष्ट उघडलं. त्यानं वाक्य मन लावून ऐकलं आणि तीन वेळा, थकबाकी भरून काढल्यासारखा, पोट धरून हसला.

"एकदम बरोबर वाक्य आहे हो," तो डोळे पुसत म्हणाला. "आपण टाळतोच."

त्या दिवशी पाराबाईंनी नाडीचा रकाना वरपासून खाली पाहिला. एकशे आठ, एकशे चार, एकशे चार, अठ्ठ्याण्णव, नव्वद, रिकामी जागा, शहाऐंशी, ब्याऐंशी, एकोणऐंशी. वाचनात चूक असेल असं समजून त्यांनी पुन्हा एकदा नाडी घेतली. एकोणऐंशीच आली.

भांडारपालांचा नंबर शेवटचा. ते आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "वाक्य वाचायची गरज नाही, मला पाठ आहे."

"पद्धत सगळ्यांना सारखी हवी," पाराबाई म्हणाल्या आणि वाक्य वाचलं. या चौकशीत पंधराव्यांदा ते वाचताना त्यांच्या लक्षात आलं की 'स्थापनेपासून' या शब्दाआधी जरा थांबलं तर वाक्य जास्त चांगलं लागतं. त्या थांबल्या.

भांडारपालांच्या नाकातून तोच आवाज निघाला. तीनही वेळा तंतोतंत. त्यांनी पट्टी उचलली, वाचली आणि 'हेटाळणी'वर खूण केली.

"आठ," ते म्हणाले. "लपवाछपवी कशाला? बाकीचे दोन-तीन लिहून सुटले असतील. मी आठ. हे वाचायला उभ्या राहिल्या तेव्हाच म्हटलं, आता या बाई आम्हाला वेळ शिकवणार! आणि खरं सांगू का, घड्याळं मिळवली तर मी रोज किती वाजता येतो ते सगळ्यांना दिसेल. भांडारातलं घड्याळ काय आपोआप बंद पडलंय होय?"

पाराबाईंनी 'हेटाळणी, ८' लिहिलं. मग मनगटावर बोटं ठेवून त्यांनी मिनिटभर ठोके मोजले. भांडारपालांनी दोनदा खुर्ची सरकवली.

"चौऱ्याहत्तर," पाराबाई म्हणाल्या.

"काय चौऱ्याहत्तर?"

"माझी नाडी. सही करा इथे."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला असता तर आकड्यात दिसला असता."

भांडारपालांनी उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं. "मग सात करा," ते म्हणाले. "उपहास. आठ जरा जास्तच होतंय."

"खाडाखोड चालत नाही."

"बाई, तुम्ही मला त्याच दिवशी विचारलं असतं ना, तर मी पाचच म्हटलं असतं."

"तेव्हा मी विचारलं नसतं," पाराबाई म्हणाल्या.

सोमवारी अहवाल सभेसमोर आला. साहेबांना तो एकांतात वाचायचा होता, पण नियम असा की सभेत घडलेल्या गोष्टीचा खुलासा सभेतच व्हावा. पाराबाई उभ्या राहिल्या. टंकलेखिका पेन सरसावून बसली होती, मात्र या खेपेला तिच्याजवळ शब्दकोश नव्हता. तिनं तो घरी नेऊन ठेवला होता.

"सहभागी कर्मचारी चौदा," पाराबाईंनी वाचलं. "पैकी खोकला एक. शिवाय कार्योत्तर सहभाग एक. कालावधी चाळीस सेकंद. सर्वांत कमी नोंद दोन, सर्वांत जास्त आठ."

सगळ्या माना भांडारपालांकडे वळल्या. भांडारपाल खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं बघत होते.

"सरासरी तीन पूर्णांक आठ."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे काय, बाई? वर नेमकं काय कळवायचं? थट्टा की टिंगल?"

"चेष्टेच्या पुढे, पण टिंगलीच्या जरा अलीकडे."

"त्याला शब्द?"

"शब्द नाही, साहेब. आकडा आहे."

चौकशीबाहेर पाच दिवस कुणी हसलं नव्हतं. सुरुवात या वेळी साहेबांपासून झाली आणि त्यांनी ती खोकल्यात बदलण्याचा प्रयत्नसुद्धा केला नाही. मग वजन विभाग, मग टंकलेखिका, मग आवक-जावक कारकून, ज्याला या खेपेला वेळेवर हजर असल्याचा विशेष आनंद झाला होता. भांडारपालांच्या नाकातून तो आवाज निघाला. खोली दणाणून गेली. वातावरण पूर्ववत झाल्याचं वर कळवायला आता हरकत नव्हती.

पाराबाई उभ्याच होत्या. त्यांनी घाईनं खाली बसण्यासाठी खुर्ची चाचपली नाही, कागदात नजर घातली नाही. पंधरा तोंडं त्यांना एकेक करून दिसत होती. कुणाचं हसू कुठल्या आकड्याचं ते त्यांना आता न विचारता ओळखू येत होतं, आणि टंकलेखिकेचं दोनवरून तीनवर गेलं आहे हेही. हसणं ओसरायला पंचावन्न सेकंद लागली. मागच्यापेक्षा पंधरा जास्त. त्यांनी ती नोंद समासात लिहिली आणि उरलेली ओळ वाचून पुरी केली.

साहेबांनी डोळे टिपले, अहवालावर सही केली आणि सवयीनं म्हणाले, "छान. आणि ती दुसरी गोष्ट, बाई... तुम्ही काय ते सवडीनं सांगा."

"आत्ताच सांगते, साहेब," पाराबाई म्हणाल्या. "तापमान विभाग मी घेते."